काहीही चालेल

डंडी. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागले.
टे नदीवर धुकं, आणि माझ्या खेळातही धुकं:
एक नावाडी पलीकडे जायला निघतो,
पडदाभर फक्त करडा, करड्यात करडा,
तीन आठवडे खपून मिसळलेला.

माझ्या फोनवर ते धुकं होतं.
आयलीनच्या फोनवर मात्र पायऱ्या.
आयलीन संध्याकाळी ऑफिस झाडायला येते.
तिचा फोन सहा वर्षांचा, कोपऱ्यात तडा.
नातवासाठी तिनं खेळ उतरवून घेतला
आणि मॉपला टेकून म्हणाली,
"तुझ्या धुक्याला शेवाळ आलंय, बाई."

खरंच. करड्याचे पट्टे पडलेले,
एक हिरवट, एक गुलाबीसर, पुन्हा हिरवट.

आधी शेडरवर संशय घेतला.
मग चित्रांच्या फाइलींवर. मग तिच्या फोनवर,
गरिबाच्या वस्तूवर संशय लवकर जातो.
शेवटी लॉगमध्ये एक ओळ छापून पाहिली:
लाल पाच, हिरवा सहा, निळा पाच, अल्फा शून्य.

सोळा बिटांत तिघा भावंडांची वाटणी.
पंधरा सरळ वाटले, एक उरला,
तो हिरव्याला दिला, कारण म्हणे
माणसाचा डोळा हिरव्यातले बारकावे जास्त टिपतो.
आणि करडा म्हणजे तिघांनी एकाच वेळी
सारखं पाऊल टाकणं.
हिरवा अर्ध्या पावलावर थांबू शकतो,
बाकी दोघांना तेवढं बारीक चालताच येत नाही.
म्हणून शेवाळ.

पण सोळा मागितले कुणी?
कोड मागे मागे चाळत गेले.
जिथे रंगाचे बिट मागायचे, तिथे
मीच, मार्चमध्ये, घाईत, काहीच लिहिलेलं नव्हतं.
म्हणजे: काहीही चालेल.

हे "काहीही चालेल" माझ्या हाडीमाशी.
आमच्याकडे पाहुण्यानं नको नको म्हणायचं,
ताटावर हात आडवा धरायचा,
आणि यजमानानं बोटांच्या फटीतून तूप सोडायचं.
हे व्याकरण ड्रायव्हरला कुणी शिकवलेलं नाही.
त्यानं यादी लावली, सगळ्यात लहान वाटी वर आली,
ती पुढे सरकवली.
माझ्या फोनच्या यादीत लहान वाटीच नव्हती,
म्हणून इतके महिने मला कळलंही नाही.

इथली माणसंही तशीच. वाईट नाहीत.
पहिल्या वर्षी कॅट्रिओनाच्या घरी
चहा घेणार का विचारलं, मी लाजून नको म्हटलं,
तिनं किटली खरंच उचलून ठेवली.
तासभर मी तिच्या कपातली वाफ बघत बसले.
पगाराच्या बोलणीतही तेच झालं,
तो आकडा इथे लिहीत नाही.

मग मागितलं. आठ, आठ, आठ,
आणि हात सैल सुटला तसे अल्फालाही आठ,
वर खिडकीही पारदर्शक मागून बसले.
बिल्ड चढवला. पट्टे गेले.
धुकं सायीसारखं, आणि धुक्यात,
नावाड्याच्या डोक्यावर,
एक कुत्रा.
मोठा, तपकिरी, जीभ बाहेर.

"हा ब्रोडी," आयलीन म्हणाली. "ऑगस्टमध्ये गेला."

तिच्या वॉलपेपरवरचा.
माझं धुकं विरळ, सहा दशांश,
उरलेल्या चार दशांशांतून तो आत आलेला.

दुरुस्ती सोपी होती:
अल्फा नको, खिडकी अपारदर्शक.
हे "नको" मात्र खरं नको.
ओळ लिहिली, पण लगेच चढवली नाही.
आयलीन खुर्चीत बसली होती, मॉप भिंतीला.
नावाडी वल्हवत होता,
कुत्रा कुठेच जात नव्हता.

बऱ्याच वेळानं ती उठली. "चहा?"
"हो," मी म्हटलं. "दूध कमी, साखर दोन चमचे.
आणि डब्यात बिस्किट असेल तर तेही."